सल्ला : आजोबांच्या नावाचे ट्रक आता मी बनवू का?

एका मुलीचं पत्र आलंय, लांब आहे म्हणून थोडं कापून देतेय, आणि कंपनी ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, आमच्या आजोबांनी ट्रकच्या बॉडी बांधायला सुरुवात केली, पुढे बाबा आणि काकांनी पूर्ण ट्रक बनवायला घेतले. टिपर, कचऱ्याच्या गाड्या, खाणीतल्या गाड्या, वर्षाला तीनशेच्या आसपास जातात. मी ३२ वर्षांची आहे, मेकॅनिकल केलंय, नऊ वर्षं बाहेर एका मोठ्या कंपनीत डिझाइनला आहे. बाबांची बायपास झाली आणि आता ते म्हणतात तू ये. काका म्हणतात ये, पण डिझेलला हात लावायचा नाही. मला वाटतं निदान कचऱ्याच्या गाड्या तरी इलेक्ट्रिक करायलाच हव्यात, नाहीतर दहा वर्षांनी आपल्याला कोणी विचारणार नाही. चुलत भाऊ प्रॉडक्शन बघतो, माझ्यापेक्षा लहान आहे पण माणसं त्याचं ऐकतात, मला अजून 'छोटी' म्हणतात. मागच्या महिन्यात सहज शॉपवर गेले होते तर एका तयार गाडीत हायड्रॉलिकचा पाईप क्रॉस मेंबरला (गाडीच्या सांगाड्यातल्या आडव्या तुळईला) घासत होता, मी दाखवला, सगळे म्हणाले अरे हो की. त्या दिवशी घरी येऊन खूप रडू आलं, का ते कळलं नाही. माझ्या हातून बंद पडली तर? आणि नाहीच गेले तर आजोबांना काय तोंड दाखवू? शेवटचं, मार्केटिंगवाले म्हणतात समोरच्या जाळीवरची आजोबांच्या नावाची पाटी काढा, जुनाट दिसते. काढू का?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं गं. माझ्या वडिलांचा ट्रेलर बनवायचा कारखाना होता, मी त्यात बावीस वर्षं काढली, आधी पर्चेसला आणि मग सर्व्हिसला, त्यामुळे बायपासनंतर बाप जेव्हा "आता तू बघ" म्हणतो तेव्हा पोटात काय होतं ते मला कोणी सांगायला नको. तू विचारलेल्या सगळ्याचं उत्तर देते, पण आधी एक गोष्ट जी तुझ्या पत्रात नाहीये.

तू बाबांबद्दल लिहिलंस, काकांबद्दल, भावाबद्दल, माणसांबद्दल, आजोबांबद्दल. पण जे ट्रक आधीच विकले गेलेत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. वर्षाला तीनशे धरले आणि अशी गाडी पंधरा वर्षं सहज चालते असं धरलं (खाणीतली कमी चालेल, पालिकेची जास्त चालेल) तर या क्षणाला तुमच्या घराण्याचं नाव लावून चार हजारच्या वर ट्रक कुठे ना कुठे उभे आहेत किंवा पळतायत. त्यांच्यात रोज कोणीतरी बसतं, हौद्यात कोणीतरी माल भरतं, मागे फाळक्याला लटकून एखादा माणूस उतरतो. माझ्या मते तुझ्याकडे वारसा म्हणून जे येतंय ते हे आहे. शेड, मशिनरी, बँकेतली लिमिट हे सगळं त्याच्या नंतर. त्या चार हजार गाड्यांबद्दल कोणी फोन केला तर उत्तर द्यायला घरातलं कोणीतरी हवं, आणि आता बाबा म्हणतायत ते कोणीतरी तू हो.

हे मला कसं कळलं ते सांगते. एकदा एका ड्रायव्हरचा फोन आला की ट्रेलरच्या लाँग मेंबरला (सांगाड्याच्या लांबीच्या तुळईला) खालून बारीक रेघ दिसतेय, तो म्हणाला पेंट गेला असेल पण म्हटलं सांगून ठेवावं. वडील स्वतः गेले बघायला. पेंट नव्हता, क्रॅक होती. एक ब्रॅकेट बसवताना खालच्या फ्लँजवर (तुळईच्या खालच्या सपाट पट्टीवर) आडवं वेल्डिंग केलेलं होतं, ड्रॉइंगमध्ये ते फक्त वेबवर (तुळईच्या उभ्या भागावर) दाखवलेलं, पण फ्लँजवर टाका मारला की काम पटकन होतं म्हणून एका पाळीत तसं सुरू झालं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तुला सांगायला नको, लोड आला की खालच्या फ्लँजला ताण असतो आणि क्रॅक नेमकी वेल्ड संपतो तिथून निघते. त्या बॅचचे एकेचाळीस ट्रेलर बाहेर गेलेले. वडिलांनी सगळे शोधून काढले, जिथे असतील तिथे माणसं पाठवली, क्रॅकच्या टोकाला होल मारून ती पुढे जायची थांबवली, मग ग्राइंड करून परत वेल्ड, वरून तिरप्या टोकांची प्लेट. ज्यांना क्रॅक नव्हती त्यांचं पण ब्रॅकेट काढून नीट बसवलं. त्या वर्षी नफा झाला नाही. माझे चुलते चिडले होते, म्हणत होते तक्रार एकानं केली, एकाचं करा, बाकीच्यांना कशाला उठवता. वडील एवढंच म्हणाले की त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. हे वाक्य मला पंचवीस वर्षांनी पण तसंच ऐकू येतं, आणि त्यानंतर मी पर्चेस सोडून सर्व्हिसला बसले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की हो-नाही काही ठरवायच्या आधी नोकरीतून महिनाभर सुट्टी काढ आणि तुमच्या जुन्या गाड्या बघून ये. नव्या नको, सात-आठ वर्षं झालेल्या. पालिकेच्या डेपोत जा, खाणीवर जा, खाली झोपून बघ. कुठे गंज धरलाय, कुठल्या क्रॉस मेंबरचे रिव्हेट ढिले झालेत, सबफ्रेमचे (हौद्याखालच्या जोडफ्रेमचे) यू-बोल्ट लोकांनी किती वेळा बदललेत, कमानी पाट्यात मालकानं स्वतःहून एक पाटा जास्त घातलाय का (घातला असेल तर तुमचं लोडचं गणित आणि त्याचं लोडचं गणित वेगळं आहे, कोणाचं खरं ते शोध). ड्रायव्हरला विचार की गाडीत सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो. मेकॅनिकला विचार की कुठला पार्ट काढायला उगाच तीन तास जातात. भावाला बरोबर घेऊन जा. हे मुद्दाम सांगतेय, एकटी जाऊन चुकांची यादी घेऊन आलीस तर तो कायमचा समोरच्या बाजूला जाऊन बसेल, आणि दोघं एका गाडीखाली झोपलात तर परत येताना तुमचं बोलणं आपोआप गाडीवर होईल, कोण मोठं कोण छोटं यावर नाही.

आता काका आणि डिझेल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच घरं फुटतात.

इंग्लंडमध्ये सँडबॅच नावाचं गाव आहे, तिथे फोडेन घराण्याची कंपनी होती, वाफेवर चालणारे ट्रक बनवायची आणि त्यात तिचं मोठं नाव होतं. १९३० च्या सुमाराला प्रश्न आला की आता डिझेल की वाफच. घरातलाच एक माणूस, एडविन रिचर्ड फोडेन, संस्थापकाचा मुलगा, म्हणत होता डिझेल, बाकीच्यांना वाफ सोडवेना. मला त्या बाकीच्यांचा राग येत नाही, जी गोष्ट आपण चांगली करतो, जिच्यावर घर उभं राहिलं, ती सोड म्हणणारा माणूस आधी शत्रूच वाटतो. शेवटी तो बाहेर पडला, वयाची साठी ओलांडलेली, मुलाला घेऊन १९३३ मध्ये स्वतःची कंपनी काढली, नाव ई.आर.एफ., म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं. पहिल्या ट्रकचा चासी नंबर ६३ ठेवला कारण तेव्हा त्याचं वय तेवढं होतं. म्हणणं त्याचं बरोबर निघालं, वाफेच्या जड गाड्यांवर कायद्यानं आणि टॅक्सनं अशी वेळ आली की फोडेनला पण थोड्याच वर्षांत वाफ सोडून डिझेलवरच यावं लागलं. मग झालं काय, तर एकाच गावात एकाच रक्ताच्या दोन कंपन्या, दोघी डिझेलचे ट्रक बनवणाऱ्या, पन्नासएक वर्षं त्याच गिऱ्हाइकामागे. फोडेन १९८० मध्ये अमेरिकेच्या पॅकार या ट्रक कंपनीकडे गेली आणि तिचा शेवटचा ट्रक २००६ मध्ये निघाला, ई.आर.एफ. फिरत फिरत २००० मध्ये जर्मनीच्या मान (MAN) या कंपनीकडे गेली आणि २००७ मध्ये तिचंही नाव बंद झालं. बरोबर असणाऱ्याची कंपनी आणि चूक असणाऱ्यांची कंपनी, दोन्ही वर्षभराच्या अंतरानं संपल्या. भांडणामुळे संपल्या असं मी म्हणणार नाही, मधे सत्तर वर्षं गेली आणि शंभर कारणं झाली. पण पहिल्याच वेळी एका टेबलावर बसून "एक लाइन डिझेलची टाकू, बाकी वाफेच्या चालू ठेवू" असं ठरलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही.

आणि या गोष्टीत अजून एक आहे जे तुझ्या कामाचं आहे. ई.आर.एफ.नं इंजिन स्वतः बनवलं नाही. इंजिन गार्डनरचं घेतलं, ते त्या काळात भरवशाचं म्हणून ओळखलं जायचं, आणि स्वतःचं डोकं गाडी नीट जुळवण्यात घातलं. तू पण बॅटरी आणि मोटर बनवायच्या नादाला लागू नकोस. ते विकत घे, आणि तुमच्या घरात जे ज्ञान आहे, म्हणजे चासी कुठे वाकते, हौदा कुठे फाटतो, कॉम्पॅक्टर (कचरा दाबणारं यंत्र) बसवल्यावर मागच्या ॲक्सलवर किती वजन येतं, ते त्यात घाल. हे ज्ञान काकांकडे आहे, तुझ्याकडे नाही. म्हणजे तुझी इलेक्ट्रिक गाडी काकांशिवाय होणारच नाहीये, हे त्यांना तोंडावर सांग, खरं आहे म्हणून सांग.

काकांचं कुठे बरोबर आहे ते पण बघ. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, चांगलं इंजिन त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास चाकापर्यंत नेतं. तीनशे लिटरची टाकी भरली तर डिझेलचं वजन अडीचशे किलो, आणि तेवढंच काम करणारी बॅटरी आजच्या हिशोबानं सहा ते आठ टनांच्या घरात जाते. ते सगळं वजन मालातून कमी होतं. लांब पल्ल्याला रोज वेगळ्या रस्त्यानं जाणारा मालक तुला हे पहिल्या मिनिटात सांगेल आणि तो अडाणी नाहीये. पण कचऱ्याची गाडी रोज त्याच गल्ल्या फिरते, शंभर वेळा थांबते, ब्रेक मारताना वीज परत मिळते, रात्री एकाच डेपोत उभी असते, तिला तीनशे लिटरच्या बरोबरीची बॅटरी लागतच नाही. खाणीत तर याहून भारी, जिथे माल वर भरून खाली उतरवायचा असतो तिथे भरलेली गाडी उतरताना जी वीज बनवते ती रिकामी गाडी वर चढायला खूपशी पुरते, स्वित्झर्लंडमध्ये एका सिमेंटच्या खाणीत असा मोठा इलेक्ट्रिक डंपर चालवून दाखवलाय. म्हणजे तू "कचऱ्याच्या गाड्या तरी" म्हणालीस ते बरोबर जागी बोट ठेवलंयस. काकांना "डिझेल संपलं" असं म्हणू नकोस, ते ऐकणार नाहीत आणि त्यांनी का ऐकावं, त्यांचं आयुष्य त्यात गेलंय. त्यांना म्हण की एक गाडी, एक गिऱ्हाईक, एक डेपो, एक वर्ष. कॉम्पॅक्टरचा पंप आजपर्यंत पीटीओवर (गाडीच्या इंजिनातून शक्ती काढून देणाऱ्या जोडावर) चालायचा, आता त्याला स्वतःची मोटर द्यावी लागेल, तिची जागा कुठे, केबल कुठून, गाडीला बाजूनं धक्का बसला तर लाँग मेंबरच्या बाहेर लटकलेल्या बॅटरीचं काय, हाय व्होल्टेजवर हात लावायचं ट्रेनिंग कुठल्या दोन माणसांना द्यायचं, हे प्रश्न त्यांच्यासमोर ठेव. ज्या माणसानं चाळीस वर्षं ट्रक बांधलेत त्याच्यासमोर खरा अडचणीचा प्रश्न ठेवला की तो रात्री झोपत नाही, सकाळी कागदावर स्केच घेऊन येतो. माझे चुलते असेच होते, भांडताना कडू आणि प्रश्न दिला की सोनं.

पण, आणि हा मोठा पण आहे, हे सगळं प्रेमावर सोडायचं नाही. जायच्या आधी कागद झाले पाहिजेत. बाबा ठणठणीत असताना, त्यांच्यासमोर. शेअर कोणाकडे किती आहेत, तुझ्या नावावर किती येणार, काकांचं आणि तुझं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा आणि कुठल्या बाबतीत कोणाचा, घरातल्या कोणाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या शेअरची किंमत कशी काढायची. हे शेवटचं लोक टाळतात कारण बोलताना अशुभ वाटतं, आणि नंतर त्यावरच दहा-दहा वर्षं कोर्टात जातात. पगार वेगळा आणि डिव्हिडंड वेगळा, काम करणाऱ्याला पगार कामाचा, शेअर असणाऱ्याला वाटा शेअरचा, हे एकदा लिहिलं की तुझा आणि भावाचा अर्धा ताण जाईल. एक बाहेरचा माणूस बोर्डावर घ्या जो कोणाचाच नातेवाईक नाही आणि ज्याला काकांना "नाही" म्हणता येतं.

बाबांना हेही विचार की बँकेला त्यांनी पर्सनल गॅरंटी किती दिलीये आणि कशावर. तू डायरेक्टर झालीस की बँक तुझी पण सही मागेल, ती सही म्हणजे राहतं घर पण त्यात गेलं असू शकतं, आणि मुलं भावनेच्या भरात या सह्या करतात. वाचल्याशिवाय नाही, वकिलाला दाखवल्याशिवाय नाही, बाबा रडले तरी नाही. मला माहितीये हे कठोर वाटतंय. मी स्वतः न वाचता सही केली होती, पुढे सात वर्षं त्या सहीनं माझी झोप घेतली, तुझी घ्यायला नको म्हणून सांगतेय. मोठ्या गिऱ्हाइकाकडे किती येणं अडकलंय आणि किती महिन्यांचं, वॉरंटीसाठी पैसे बाजूला ठेवलेत की नुसतं "बघू आल्यावर", हे पण बघून घे. नऊ वर्षं डिझाइनला होतीस म्हणून हिशोबाला घाबरशील, घाबरू नकोस, ड्रॉइंग वाचता येतं त्याला बॅलन्स शीट वाचता येते, फक्त दोन महिने कोणाजवळ तरी बसावं लागतं.

ट्रकचा धंदा वरखाली होतो हे तू घरात बघितलंच असशील पण त्याचं कारण लक्षात ठेव, कारण बहुतेक कंपन्या मंदीत बुडतात असं दिसतं तरी त्यांचा खड्डा तेजीत खणलेला असतो. प्रदूषणाचे नवे नियम यायचे असले की लोक आधीच गाड्या घेऊन ठेवतात, नवीन इंजिन महाग असणार म्हणून. अमेरिकेत २००७ चे नियम येणार होते तेव्हा २००६ मध्ये ट्रकची धुमधडाक्यात विक्री झाली आणि २००७ मध्ये एकदम आपटली. ज्या वर्षी ऑर्डर बुक भरून वाहतंय त्या वर्षी नवीन शेड, नवीन प्रेस, नवीन कर्ज काढायला कोणीतरी सांगेल. त्या वर्षी थांब. इलेक्ट्रिकची पहिली गाडी साठवलेल्या पैशातून कर, फॅक्टरीची जागा गहाण टाकून नाही.

"माझ्या हातून बंद पडली तर?" याचं खोटं उत्तर मी देणार नाही. पडू शकते. तुझ्या हुशारीचा काही दोष नसताना पण पडू शकते. पण बंद पडणं किंवा हातातून जाणं म्हणजे सगळं पुसलं जाणं असं मला वाटत नाही. पॅकारचंच बघ, मगाशी नाव आलं ती. विल्यम पिगट यांनी १९०५ मध्ये सिअ‍ॅटलला रेल्वेचे डबे बनवायची कंपनी काढली, १९२४ मध्ये तिचा ताबा दुसऱ्या कंपनीला विकला, आणि दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, मंदी चालू असताना त्यांच्या मुलानं, पॉल पिगट यांनी, ती परत विकत घेतली. नंतर १९४५ मध्ये केनवर्थ घेतली, १९५८ मध्ये पीटरबिल्ट. पीटरबिल्टची सुरुवात तर एका लाकडाच्या व्यापाऱ्याची, पीटरमन यांना आपले ओंडके डोंगरातून खाली आणायला हवे तसे ट्रक मिळेनात म्हणून १९३९ मध्ये त्यांनी ट्रकची एक मोडकळीला आलेली कंपनीच घेतली, थोड्याच वर्षांत ते वारले, बायकोनं कंपनी तिथल्याच मॅनेजर लोकांना विकली. नेदरलँडची डाफ, दोन व्हान डोर्ने भावांची, १९२८ मध्ये छोट्या वर्कशॉपपासून, मग ट्रेलर, मग १९४९ पासून ट्रक, ती १९९३ मध्ये दिवाळखोरीत गेली, परत उभी राहिली आणि १९९६ मध्ये पॅकारकडे आली. केनवर्थ, पीटरबिल्ट, डाफ तिन्ही नावांचे ट्रक आजही नवे निघतायत. घराणं सुटलं पण ट्रक सुटले नाहीत, पार्ट मिळतायत, कोणीतरी उत्तर देतंय. तुझ्या हातून कंपनी गेली तरी अशा हातात जाईल का जिथे त्या चार हजार गाड्यांचे फोन उचलले जातील, एवढी जबाबदारी तुझी. मंदी, युद्ध, नियम हे तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

आणि नाहीच गेलीस तर? तर नाही गेलीस. आजोबांना तोंड दाखवायचा प्रश्नच येत नाही, भाऊ प्रॉडक्शन नीट बघत असेल तर त्यानं चालवावं, तू शेअरहोल्डर म्हणून वर्षातून चार वेळा बस आणि कडक प्रश्न विचार. हाही वारसा चालवणंच आहे, आणि अर्ध्या मनानं खुर्चीत बसण्यापेक्षा कंपनीला कितीतरी चांगलं. पण मला वाटतं तू जावंस. का सांगते, त्या घासणाऱ्या पाईपमुळे. तू सहज गेली होतीस, कोणी बोलावलं नव्हतं, तिथले सगळे रोज ती गाडी बघतात, आणि तुला दिसलं. सहा महिन्यांत तो पाईप फुटला असता, हौदा वर असताना फुटला असता तर खाली कोण उभं असतं देव जाणे. घरी येऊन रडलीस ते मला कळतंय, आपली गोष्ट आहे आणि आपण तिथे नाहीयोत याचं ते रडू आहे.

गेलीस तर पहिलं वर्ष ऑफिसची केबिन घेऊ नकोस. माणसं 'छोटी' म्हणतायत तर म्हणू देत, त्यात माया आहे, आणि ज्या दिवशी तू सांगितलेला बदल करून गाडी खरंच नीट झाली त्या दिवशी नाव आपोआप बदलेल, नाही बदललं तरी चालेल. शॉपवर जुने वेल्डर आणि फिटर आहेत त्यांच्याकडे असं कितीतरी असतं जे कुठल्याच ड्रॉइंगवर नाही. आमच्याकडे एक फोरमन जिगमध्ये (वेल्डिंग करताना भाग धरून ठेवायच्या साच्यात) लाँग मेंबर लावताना मुद्दाम थोडा उलटा बाक द्यायचे, वेल्डिंगनं ओढलं की बरोबर सरळ यायचं, किती बाक द्यायचा हे प्लेटच्या जाडीप्रमाणे त्यांच्या डोक्यात होतं. ते रिटायर झाले आणि पुढचे चार महिने आमच्या फ्रेम वाकड्या निघत होत्या, मग त्यांना घरी जाऊन विचारलं तर म्हणाले मला कोणी विचारलंच नाही आधी. बाबांकडे पण असंच भरपूर असणार. संध्याकाळी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याजवळ बस, जुनी ड्रॉइंग समोर पसर, आणि प्रत्येक क्रॉस मेंबरवर बोट ठेवून विचार हा इथेच का. बायपासनंतर माणसाला वाटत असतं आपण आता कामाचे नाही, तुझ्या या प्रश्नांनी त्यांना काय मिळेल ते औषधानं मिळणार नाही. आणि धंद्यातलं भांडण घरात आणायचं नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवा, काकूला तर अजिबात मधे घेऊ नका, बिचाऱ्या काकवा-आयांनी आयुष्यभर दोन्हीकडचं ऐकलेलं असतं.

राहिली पाटी. काढू नकोस. जुनाट दिसते तर अक्षर नीट करून घे, चांगल्या धातूची कर, पण नाव ठेव, इलेक्ट्रिक गाडीवर तर नक्की ठेव, आणि त्या पहिल्या गाडीवर ती पाटी काकांच्या हातानं बसवून घे. नावाखाली जागा असेल तर सर्व्हिसचा फोन नंबर टाक, ड्रायव्हरला उभ्या उभ्या वाचता येईल एवढा मोठा, आणि पहिले सहा महिने तो फोन तुझ्याच टेबलावर वाजू दे.